देवमाशाच्या चौथ्या कडेबद्दल

आधी एक छोटा हिशेब, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको. बिस्किटाच्या पुड्यात फुकट मिळणारे, तळहाताएवढे, देवमाशाचे चित्र असलेले एक जुने कार्ड. ते किती अस्सल आणि किती धड आहे हे जुनी कार्डे तपासणाऱ्या कंपनीकडून ठरवून घेण्यासाठी तीनदा भरलेली फी. तेवढ्यात कटिंग मशीनचे नवे पाते आले असते. तीन वेळचे कुरिअर आणि विमा. एक भिंग. अकरा तक्रारअर्ज. अडीच वर्षे. आणि एक मेहुणा. मेहुणा सगळ्यात महाग पडला.

आता कायद्याचे. मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुठ्ठ्याचे खोके बनवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे, आणि लिहिताना ते हसले नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फशी पाडलेले नाही. कान अजून तरण्या माणसाचे आहेत. खाली कारखान्यात पाते बोथट झाले की मला वर खाटेवर कळते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले मेहुण्याबद्दलचे कलम तर वाचूही नये.

कलम १. कारखाना, त्यावरची ही राहती खोली, दोन्ही कटिंग मशीन आणि गिऱ्हाइकांची वही माझ्या मुलीची. गेली नऊ वर्षे तिने धंदा माझ्यापेक्षा बरा चालवला. हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथे लिहिले ते पुरे. पाते बोथट झाल्याचे मी वरून ओरडत असे, ते आता तिने स्वतः ऐकावे.

कलम २. बँकेतली निम्मी शिल्लक मुलीला, निम्मी कारखान्यातल्या सहा जणांना सारखी. माझी हातांची खुर्ची खळ लावणाऱ्या बाईंना द्यावी. मी उठलो की त्या तिच्यात बसतात आणि माझ्या पावलांचा आवाज आला की उठतात. आता निवांत बसावे.

कलम ३. माझी पोलादी पट्टी कोणालाही देऊ नये. ती माझ्याबरोबर जावी.

कलम ४. आता कार्ड. याला जागा लागेल.

ज्या छापखान्यात विसाव्या वर्षी मी फरशी पुसायला लागलो, तिथेच तेविसाव्या वर्षी कटिंग मशीनवर उभा राहिलो. कोणाची चिठ्ठी नव्हती, कोणाचा मामा तिथे नव्हता. तेव्हापासून आजवर, अठ्ठेचाळीस वर्षांत, माझ्या हातून एकही काप वाकडा गेलेला नाही. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत म्हटले आहे, बँकेच्या मॅनेजरसमोर म्हटले आहे, आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडे असतानाही म्हटले आहे.

त्या वर्षी एका बिस्किट कंपनीची जमवायची कार्डे छापायला आली. समुद्रातले प्राणी, एकूण अठ्ठेचाळीस. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. देवमासा छापून आला तेव्हा शाई अजून ओली वाटावी असा निळा होता, आणि तो कागदात मावत नव्हता. शेपटी एका कडेला टेकलेली, डोके दुसऱ्या. डोळ्यात चित्रकाराने पांढरा ठिपका सोडला होता, मोहरीहून लहान. तेवढ्या ठिपक्यामुळे ते जनावर माझ्याकडे बघत होते. मी हात थांबवला. फोरमन ओरडला, "एक घेऊन जा घरी, पण मशीन चालू ठेव!"

लग्नाला बारा दिवस झाले होते. बायकोला द्यायला माझ्याकडे दुसरे काहीच नव्हते. तिने कार्ड दिव्याखाली धरले आणि म्हणाली, "अहो, केवढा आहे हा! आणि मावलाय कसा?" ती शिवणकाम करायची. शिलाई मशीनच्या खणात बेचाळीस वर्षे कार्ड राहिले.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, अशी कार्डं तपासणारी एक कंपनी आहे, ती दहापैकी गुण देते. प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवते. आईची आठवण नीट राहील."

पाठवले. सात गुण आले. मला सात! मी पेटी फोडली आणि तेच कार्ड त्याच कंपनीला पुन्हा पाठवले. पाच. देवमासा तोच, कड तीच, फी मात्र वाढलेली. शिवाय बंद पेटीतले कार्ड वाजत नाही. कागदाला टिचकी मारली की मी त्याची जात सांगतो. पेटीला टिचकी मारली की पेटीच बोलते. पुन्हा फोडली, पुन्हा पाठवले. या वेळी गुणच नाहीत. एक ओळ: "कड नंतर कापलेली आहे, दर्जा देता येत नाही."

त्या दिवशी मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जेवायला होता. त्याने कागद वाचला आणि घास चावत म्हणाला, "भावोजी, ताईच्या हातात कात्री असली की काही सांगता येत नाही हं. माझ्या शाळेच्या वह्यासुद्धा तिनं कडेनं कापून सारख्या केल्या होत्या."

"माझ्या घरात बसून माझ्या बायकोला लबाड म्हणतोस?"

"लबाड कोण म्हणालं? कात्री म्हणालो मी."

"ऊठ."

"अहो, भात तरी—"

"ऊठ म्हणतो ना!"

तो उठला. छत्री इथेच राहिली. दोन वर्षे आम्ही बोललो नाही. या काळात मी अकरा अर्ज लिहिले, आणि अकराही वेळा उत्तर आले की आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.

शेवटी गेल्या महिन्यात मी स्वतः त्यांच्या कचेरीत गेलो. भांडायच्या तयारीने, पट्टी खिशात घेऊन. चौथ्या मजल्यावर एक लांब खोली, काळी टेबले, प्रत्येकावर दिवा. आवाज फक्त प्लास्टिकचा. एक बाई उठून आल्या. तिसऱ्या वेळी माझे कार्ड त्यांनीच पाहिले होते. मी त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतो, त्यांची हरकत नाही.

मी म्हणालो, "हे कार्ड मी कापलंय. मला शिकवू नका."

त्या म्हणाल्या, "काका, बसा. रागावून दिसत नाही, पापणी हलते."

त्यांनी कार्ड भिंगाच्या यंत्राखाली ठेवले आणि मला बघायला लावले. आयुष्यभर कागद कापला, पण कागदाची कड मी कधी पाहिलीच नव्हती. डोंगराची रांग होती ती. धागे, दऱ्या, त्यांत अडकलेला निळा रंग. "ही मशीनची कड," बाई म्हणाल्या. "वरून एक घाव. अशा तीन आहेत." मग कार्ड फिरवले. चौथी कड वेगळी होती; छोट्या पायऱ्या, एकीला लागून एक. "ही कात्री. एकोणीस वेळा चालवलेली. आणि कापणारा माणूस डावखुरा आहे."

माझी बायको डावखुरी होती. ही गोष्ट मी त्या बाईंना सांगितलेली नव्हती. कागदाच्या केसाएवढ्या कडेवरून त्यांनी सहा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा हात ओळखला. एवढे बघता येते माणसाला!

"पण तुम्हाला संशय कशावरून आला?"

"हा देवमासा आमच्याकडे इतरांकडून आजवर चारदा आला. चारही वाकडे कापलेले, एकाच बाजूला. तुमचा एकटाच सरळ. म्हणून."

"ते चार दुसऱ्या कोणाचं काम असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. मग भिंगातून डोळा न काढता, "काका, एक सांगते. मशीनच्या तीन कडांपेक्षा ही कात्रीची कड सरळ आहे. असा हात मी पाहिलेला नाही."

घरी येऊन मी शिलाई मशीनचा खण उपसला. सुयांच्या डबीत, कागदाच्या घडीत, कार्डाची कापलेली पट्टी सापडली. निळी, काडीसारखी, एका टोकाला दीड मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. शेपटीचा शेंडा तिच्यावर होता.

पातेही ऐकणारा माणूस मी. घरात ती कात्री एकोणीस वेळा चालली आणि मला ऐकू आली नाही. त्यानंतर बेचाळीस वर्षे ती माझे ते वाक्य चारचौघांत ऐकत राहिली. दर वेळी मान हलवायची, आणि वाढायला घ्यायची. एवढे मोठे काही मी समुद्रावर गेल्यावरही पाहिले नाही.

कलम ५. म्हणून कार्ड आणि ती निळी कागदी पट्टी, दोन्ही एकत्र, मेहुण्याला. पेटीत घालायचे नाही. त्याने टिचकी मारून वाजवावे. बहिणीला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. छत्री त्याचीच आहे, ती मृत्युपत्रात येत नाही. माफी तोंडाने मागायची आहे. मुलीने त्याला आजच बोलावून घेतले. तो खाली येऊन बसला आहे. मशीन चालू असतानाही त्याचा खोकला मला ऐकू येतो. सही झाली की मी उतरतो.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, म्हणून तो साक्षीदार नाही.

ठिकाण: कारखान्याच्या वरची खोली.
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार.
सही: खोकेवाला
साक्षीदार पहिला: दातांचे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: भिंगवाल्या बाई

दुरुस्ती. भिंगवाल्या बाईंनी सहीपूर्वी सगळे वाचले आणि कलम ४ मधल्या एका वाक्यावर बोट ठेवले. ते तसेच राहिले तर सही करणार नाही, म्हणाल्या. त्यावरून नोंद करतो की देवमाशाची सगळी कार्डे एकाच छापखान्यात, एकाच मशीनवर कापली गेली. त्या मशीनवर मी एकटाच होतो.