वखारीच्या दारातला ओंडका

लखनौ, १५ मे २०२३

ती. मालिनीताईस,
मधूचा शि. सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ नगरसेवक झाला. इथे पार्षद म्हणतात. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र.

इतके हार पडले की मानेला खाज सुटली. खरं श्रेय माणिकलालजींचं. शेजारच्या वखारीचे मालक, म्हणजे धंद्यातले प्रतिस्पर्धी. पण स्वतःची वखार बंद ठेवून माझ्यासाठी घरोघर फिरले. लोकांना सांगायचे की मधुभैयाने ओलं लाकूड सुकं म्हणून कधी विकलं नाही, तो खोटं आश्वासन काय देणार.

तू विचारशील, या वयात हे कशाला. प्रतिमा गेल्यापासून वृंदावन योजना वसाहतीतल्या घरात कुलूप उघडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. निनाद बंगळुरूहून बापाला रविवारी फोन करतो, खाना खाया क्या विचारतो, मीही हिंदीतच हो म्हणतो. वखार बंद झाली की पाय घरी वळत नाहीत. म्हटलं, माणसांत राहीन.

संध्याकाळची बैठक मात्र चालू आहे. दारातला शिसवीचा ओंडका तुला आठवत असेल. त्यावर बसून तू आणि प्रतिमाने मटार सोलले होते. गिऱ्हाइकांनी कितीदा मागितला, मी विकला नाही. माणिकजी, बँकेतला आपला शरद, आरा मशीनवर लाकूड कापणारे चाचा, सगळे त्यावरच बसतात आणि मातीच्या कुल्हडातला चहा पितात.

गुडघ्यांचं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
मधू

---

कराड, २ जून २०२३

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

पेढे वाटले. शाळेत वर्गाचा मॉनिटर होण्यासाठी तू सगळ्यांना चिंचा खाऊ घातल्या होत्यास आणि तरी पडलास. या वेळी चिंचांशिवाय निवडून आलास, प्रगती आहे.

पण हार घालणारे घरी येऊन कुकर लावत नाहीत. वेळेवर जेवत जा. प्रतिमाच्या आजारपणात माणिकजींच्या घरून रोज डबा यायचा, ते विसरू नकोस. त्यांना माझा नमस्कार सांग. गुडघे आहेत तसेच आहेत, माझं ऐकत नाहीत.

आठवण येते तेव्हा लिही, नाही आली तरी लिही.

तुझी
ताई

---

लखनौ, २० नोव्हेंबर २०२४

ती. मालिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. वखारीच्या पुढच्या खोलीत ऑफिस केलंय. कार्यकर्ते म्हणाले की नेताजींना साजेशी खुर्ची हवी. लाकूडवाला असून खुर्ची बाजारातून आणली तर लोक हसतील, म्हणून दारातला तो शिसवीचा ओंडका आरा मशीनवर चढवला. आतून लाकूड काय निघालं म्हणून सांगू, काळंभोर, एक गाठ नाही. खुर्चीच्या पाठीवर वेलबुट्टी कोरून घेतली, गादीला अमीनाबादेतून लाल मखमल आणली. उरलेल्या फळ्यांत टेबल झालं. विधानसभेच्या तिकिटाचीही बोलणी चालली आहेत, तुझा आशीर्वाद हवा.

एक गोष्ट मात्र खुपते. माणिकजी तुटले. मागच्या महिन्यात ऑफिसात आले, हात जोडून पार्षदजी म्हणाले, स्वतःच्या वखारीपुढची नाली तुंबल्याचा अर्ज टेबलावर ठेवला आणि गेले. मला, पार्षदजी. मी लगेच माणसं लावून नाली साफ करवली, स्वतः उभा राहिलो, फोटो काढले. त्यांनी धन्यवाद म्हटलं, चहा विचारला नाही. तेव्हापासून येत नाहीत. शरदही येत नाही. कोणी कान भरले असतील का? दिवसभर ऑफिसात गर्दी असते, पण संध्याकाळी दिवा लावला की मी एकटाच.

थंडीला जप. तुझ्या लोभावर माझं चाललंय.

तुझा
मधू

---

कराड, ५ डिसेंबर २०२४

चि. मधूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खुर्चीवरची वेलबुट्टी कळली, मखमलीचा रंगही कळला. माणिकजी आले, हात जोडले, अर्ज ठेवला, गेले, हेही कळलं. ते बसले कुठे, एवढंच तू लिहिलेलं नाहीस.

त्यांचे कान कोणी भरले नसतील. नालीचं निमित्त असेल, ते बसायला आले होते. चौघांची जागा कापून तू ती एकट्यापुरती करून घेतलीस. असं लिहिताना वाईट वाटतं, पण मी लिहिलं नाही तर तुला सांगणारं तिथे कोणी उरलेलं दिसत नाही. आशीर्वाद तिकिटाला नाही, तुला आहे.

जेवतोस ना?

तुझी
ताई

---

लखनौ, ११ जानेवारी २०२५

ती. मालिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र त्याच खुर्चीत बसून वाचलं आणि रडलो.

मग नवा ओंडका आणून दारात टाकला. आंब्याचा आहे, तसा शिसव आता मिळत नाही. संध्याकाळी त्यावर जाऊन बसलो. येणारे-जाणारे नमस्कार करून पुढे गेले. एकट्याला तो फार लांब पडतो.

शेवटी माणिकजींच्या वखारीत गेलो. बैठक तिकडे सरकली आहे. त्यांच्या दारात एक जुना ओंडका, समोर शेकोटी. मला बघून सगळे उठून उभे राहिले, शरदसुद्धा. माणिकजींनी आतून खुर्ची आणली, गमछाने पुसली आणि विराजिए म्हणाले. मी ओंडक्यावरच बसतो म्हणून हट्ट धरला, तर कोणी बसेचना. थंडीत चाचांचे पाय थरथरायला लागले, तेव्हा मुकाट्याने खुर्चीत बसलो. मग ते बसले. चहा आला, त्यांना कुल्हडात, मला कपबशीत.

तिकिटाला नकार कळवला. त्यामुळे ऑफिसातली गर्दी ओसरली, तेवढा वेळ मोकळा मिळतो. रोज संध्याकाळी माणिकजींकडे जातो. ते रोज उठतात, रोज खुर्ची पुसतात. काल मात्र शरद अर्धवट उठला आणि परत बसला. त्यांना उठायचा कंटाळा येईपर्यंत मी जाणार आहे.

तोवर तुझा लोभ आहे, तोच धरून बसलोय.

तुझा
मधू