कचरा डेपोवरचं पहिलं बिऱ्हाड

३ जानेवारी
ऑफिसात प्रेझेंटेशन. जुन्या कचरा डेपोवर स्टेडियम, भोवती वसाहत, सगळं पर्यावरणस्नेही. डिझाइन माझं. साहेबांनी विचारलं, तिथं राहायला जाणार कोण? बोलून गेलो, पहिलं बिऱ्हाड माझं. टाळ्या. हिला रविवारी सांगेन, मूड बघून.

५ जानेवारी
हिने पेपरात वाचलं. माझा फोटोही होता, त्यामुळे तो मी नव्हेच म्हणायची सोय नाही. म्हणाली, बिऱ्हाड म्हणजे तुमचं एकट्याचंच ना? सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंनी इतकी वर्षं घराचा उकिरडा केला, आता उकिरड्यावर घर करताहेत. दोघी हसल्या. हसू देत. निश्चय: वाद घालायचा नाही. घर बघितलं की ही विरघळेल.

२० मार्च, दुपार
नमुना घर तयार. हिला दाखवायला नेलं. गाडीतून उतरलीच नाही. नाकाला पदर लावून म्हणाली, मला इथूनच सगळं कळलं. कमाल आहे. मला कसलाच वास येत नाही. खिडकीसमोर जमिनीतला गॅस बाहेर सोडणारा पाइप आहे, तो हिला खटकला असावा. निळा रंग मारून घेतो. शिल्प वाटेल.

२ एप्रिल
एकटाच राहायला आलो. शब्द दिलाय. ही चार दिवसांत येईल, माझ्याशिवाय करमणार नाही. फायरब्रिगेडने इथं शेगडी पेटवायला मनाई केलीय. बिस्किटं खाल्ली. वजन उतरवायचं होतंच.

९ एप्रिल
आली नाही. फोनवर आवाज फारच ताजातवाना होता. दुःख लपवत असणार.

१५ एप्रिल
स्टेडियम अजून कागदावरच, पण मैदानावर पहिला फुटबॉल सामना, बाजू न बदलता. चेंडू मधोमध ठेवला, तो आपणहून डावीकडच्या गोलकडे निघाला. खालचा कचरा दबतोय, जमीन खचतेय, असं इंजिनिअर म्हणाला. मी म्हटलं, स्थिरावतेय. नाणेफेक जिंकलेल्यांनी उताराची दिशा मागून घेतली आणि सामनाही जिंकला. साहेब मध्येच उठून गेले. कामात असतील.

३ मे, सकाळी
घराचं दार उघडेना. चौकट तिरकी झालीय. थोडा वेळ दाराला समजावलं, मग हिला फोन केला. आली. आपल्या पायांनी चालत घरापर्यंत आली, याची नोंद व्हावी. मी खिडकीतून बाहेर पडलो. आधी बॅग, मग चष्मा, मग मी. म्हटलं, दुरुस्ती झाली की दोघं येऊ. हिने गाडीच्या चारही काचा खाली केल्या, म्हणजे विचार करतेय.

संध्याकाळ
घरी आल्यावर म्हणाली, आधी आंघोळ करा, मग बोलू. तीनदा केली. अजून बोललेली नाही.