तांबड्या ताऱ्याच्या वह्या आणि वरची गच्ची

लिहून ठेवते की मी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथी नापास, वेधशाळेतून निवृत्त झालेली झाडूवाली, पूर्ण शुद्धीवर आहे. कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने हे लिहीत नाही. लाडीगोडी करायला थोरला मुलगा काल आला होता. चहा पाजून परत पाठवला. आधीच्या मृत्युपत्रात घर आणि गच्ची त्याच्या नावे केली होती. ते रद्द समजावे.

१. वह्या. एकूण सदतीस. त्यांत एकाच तांबड्या ताऱ्याची रोजची नोंद आहे. हा तारा फुगतो नि आकसतो. अकरा महिन्यांत एकदा डोळ्यांत भरतो, मग इतका विझतो की दुर्बिणीतूनही शोधावा लागतो. दर खेपेला सारखा उजळत नाही, वेळही पाळत नाही, म्हणून रोज बघायचा. शेजारचा एक त्याच्याहून तेजस्वी तारा धरायचा, एक मंद धरायचा, आणि दोघांच्या मधे आपला कुठे बसतो ते लिहायचं. कालचं पान आधी उघडायचं नाही. हे मला वेधशाळेच्या साहेबांनी शिकवलं. तारा म्हातारा झालाय, शेवटाला आलाय, असं सांगून ते माझ्याकडे बघून हसायचे. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते.

२. याच साहेबांनी माझ्या नोंदी आपल्या पुस्तकात छापल्या आणि खाली लिहिलं, 'एका सफाई कामगार महिलेच्या सौजन्याने'. फरशी पुसून घ्यायची असली की नाव बरोबर आठवायचं. साहेब हयात असल्यास माझा झाडू त्यांना द्यावा. पोच घ्यावी.

३. थोरला मुलगा. पदवीधर. माझा खुबा मोडला तेव्हा दोन महिने वही त्याच्याकडे दिली, कारण शिकलेला. घरी येऊन बघते तर एक दिवस रिकामा नाही. अक्षर मोत्यासारखं. मागच्या वहीतले आकडे उतरवून काढले होते आणि पुढे शेरा, 'आकाश स्वच्छ, छान दिसला'. गाढवाला एवढंही कळलं नाही की त्यातला निम्मा काळ तो तारा सूर्याबरोबर उगवतो नि सूर्याबरोबर मावळतो. कुणाच्या बापाला दिसत नाही.

"अगं आई, एक ठिपका तर आहे," म्हणाला. "कुणाला कळणार होतं?"

"मला," म्हटलं.

आता त्याला गच्चीवर पत्रे टाकून भाडेकरू ठेवायचाय. त्याला पोस्टातले निम्मे पैसे मिळतील आणि ती बनावट पानं, जी मी फाडून वेगळी ठेवली आहेत. पदवीशेजारी फ्रेम करून लावावीत.

४. धाकटा मुलगा. पोस्टातले उरलेले पैसे. घर नाही. थोरल्या भावापुढे त्याची मान आपोआप हलते.

५. माझं स्वकष्टाचं हे दोन खोल्यांचं घर, वरची गच्ची, दुर्बीण आणि सगळ्या वह्या धाकट्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. प्रेमाने देत नाही. ती दारं आपटते, नळ ठिबकता सोडते, आणि आमचं कधी पटलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात मी तापाने पडले तेव्हा वही तिने सांभाळली. तीस दिवसांत चोवीस वेळा लिहिलं, 'ढग. दिसला नाही.'

"एवढंच?" मी विचारलं.

"अहो आई, नाही दिसला तर काय लिहू? तुमच्या धाकाने ढग सरकतात का?"

उद्धट आहे. पण थाप मारत नाही. आमच्या खानदानात ही पहिलीच. अट एकच: गच्चीवर पत्रा नाही, दिवा नाही.

६. आज सही करण्याआधी दोघींनी तारा पाहिला आणि वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं. मला तो तेजस्वी शेजाऱ्याच्या बरोबरीचा दिसला, तिला पुष्कळ मंद. साक्षीला आलेला शिंपी तिला म्हणाला, "वहिनी, म्हातारीचं मन राखा की. आजच्या दिवस त्यांचं लिहा."

"नाही," ती म्हणाली. "मला तेवढा नाही दिसत."

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेन तिच्या हातात दिलं. वहीत तिचं लिहून झालं, मग मी इथे सही केली.

साक्षीदार:
खालच्या दुकानातला शिंपी (सही)
मला तपासणारी डॉक्टरीण. मी शुद्धीवर असल्याचं तिने कपाळाला आठ्या घालून लिहून दिलं आहे (सही)

ठिकाण: गच्ची
दिनांक: आठ डिसेंबर. आकाश स्वच्छ. नोंद सुनेची.