आधी ओमोतो, मग बाकीचं

प्रिय केइगोदादा,

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी नुसतं हं हं करत होते. फोनवर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच तू फोन करतोस. कागदावर मला काही अडत नाही, तेव्हा आता निवांत बसून वाच.

तर नागोयात तुमचं घर झालं. वीस एप्रिलला राहायला जाणार. वहिनीच्या आईने बजावलंय की सामानाच्या आधी नवऱ्याच्या घरच्या ओमोतोचं रोप शुभ म्हणून दारातून आत गेलं पाहिजे. आणि तू मला म्हणालास, "एक तुकडा पुरे, कुरिअरने टाक." तुकडा म्हणे. जसा काही सूपमध्ये घालायला कांदाच मागतोयस. चौदा महिन्यांनी फोन, आणि त्यात सासूबाईंची मागणी. बाबा बरे ना, हेही विचारलंस म्हणा, पण अगदी शेवटी, आणि मी उत्तर जुळवेपर्यंत फोन ठेवूनही दिलास.

तुकडा कसा निघतो ते तुला माहीत नाही, कारण तू कधी बघायला थांबलाच नाहीस. कुंडी आडवी करायची, खडी सोडवायची, मुळं धुवायची. एकेक मूळ करंगळीएवढं जाड, ओढलं की मोडतं. मग कंद कुठे कापायचा ते बघत बसायचं. फुटव्याला स्वतःची चार-पाच मुळं नसतील तर तो वर्षभर नुसता रुसून बसतो. आईला यात एक अख्खी सकाळ लागायची. तू तेव्हा आतून ओरडायचास, जेवायला काय आहे.

आणि आधीचे दोन कुठे गेले रे? पहिला आईने तू भाड्याची खोली घेतलीस तेव्हा दिला होता. सावलीतलं झाड तू दक्षिणेच्या गच्चीत ठेवलंस आणि वहिनीला त्याची दया आली म्हणून रोज पाणी. मग तू फोटो पाठवून विचारलंस, याला असा वास येतो का. कंद सडला होता, दादा. आईने तुला काही म्हटलं नाही. पुढच्या वसंतात तिने दुसरा कापून दिला. त्याला तुम्ही एसीच्या खाली ठेवलंत, कारण तिथल्या भिंतीवर तो शोभत होता. तो गेल्याचं तर तू कळवलंही नाहीस. आईने आपणहून विचारलं तेव्हा म्हणालास, अगं, शेवटी पानंच ना. हिवाळ्यात कुंड्या आत घ्यायला तिची कंबर धरायची, तरी तीस कुंड्या ती एकटी हलवायची, त्या पानांसाठी.

आई गेल्यावर तू दिवसकार्याला तीन दिवस होतास. त्यातले दोन दिवस मोबाइलवर. जाताना मला म्हणालास, तू नाहीतरी शाळेत जात नाहीस, मग बाबांकडे तूच बघ. किती सोपं. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा म्हणून मी शाळा सोडली. अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला तर त्यांना भरवायला सोळाव्या वर्षी मोकळी असावी म्हणून नाही सोडली. पण तुला ते दोन्ही एकाच खणात ठेवता आलं.

इथलीही माणसं काही कमी नाहीत. ओमोतो मंडळाचे हिबिनो काका दर महिन्याला येतात, चहा पितात आणि पानांची ठेवण बिघडली म्हणून मान हलवतात. मागच्या शरदात माझ्यासमोरच बाबांना म्हणाले, "शाळा सोडलेल्या पोरीला पानं पुसायचं काम बरं, तोंड उघडायला नको." बाबा हसले नाहीत. मी चहात दुसऱ्यांदा पाणी घातलं. मग नोव्हेंबरच्या प्रदर्शनात मी आईच्या मोठ्या कुंडीतला ओमोतो मांडला, आणि तेच काका त्याच्यासमोर बराच वेळ वाकून उभे होते. त्यांना वाटलं बाबांनी डाव्या हाताने केलंय. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी टोपी काढून परत घातली, एवढंच. माफी मागायला त्यांचाही घसा बंद होत असेल.

हिगानच्या, पितरांच्या आठवड्यात आईच्या थडग्यावर पाणी घालायला तू आला नाहीस, घराच्या किल्ल्या मिळणार होत्या म्हणे. आम्ही दोघं जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी ती मोठी कुंडी काढली. बाबांनी डाव्या हाताने पानं एकत्र धरली, मी कंद कापला. दोन फुटवे निघाले, एक चांगला भरलेला, एक लहान, पण मुळं धड असलेला. मोठा मी तुझ्यासाठी बाजूला ठेवला. हो, ठेवला. नवं घर, थोरला मुलगा, आईनेही तेच केलं असतं. बाबांनी तो उचलला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. आजकाल ते दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात, त्यातले त्यांनी यावर खर्च केले. म्हणाले, "मोठा तुझा, मिवा. आधी तू निघतेस."

मी निघतेय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हिबिनो काकांनी सांगितलं होतं. तोयोहाशीजवळच्या एका रोपवाटिकेला हाताने काम करणारं माणूस हवं होतं आणि या म्हाताऱ्याने मला न विचारता माझं नाव घातलं होतं. राहायला खोली आहे, उत्तरेची खिडकी आहे. तिथे दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही असं त्यांनी खास सांगितलं. त्यांच्या तोंडून आलेली ही पहिली चांगली गोष्ट.

तर हे पत्र मी कुरिअरच्या खोक्यात घालून पाठवत नाहीये, कारण खोकं येणारच नाही. मी अठरा तारखेला सकाळी पहिल्या बसने जातेय. लहान फुटवा आपल्या मागच्या दाराशी आहे, काळ्या उंच कुंडीत, दहा दिवसांनी एकदा पाणी. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बाबा आहेत. त्यांना दोन रात्री हिबिनो काकू सोबत करतील, त्याहून जास्त मी कुणाकडे मागणार नाही. बाबांनी एवढंच विचारलं, केइगोकडे सावलीची खोली आहे का. मी म्हटलं, विचारून सांगते. पण विचारत नाही, सांगते: एक खोली सावलीची ठेव. वीस तारखेला टेम्पो आधी इकडे आण आणि दोघांना घेऊन जा. रोप आधी आत ने, मग लगेच बाबांना, त्यानंतर तुमचं सामान. हा तिसराही गेला तर चौथा मागायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पत्र मात्र लिही.

रागावलेली, पण तुझीच,
मिवा