भिंतीवरच्या गाद्यांची वाटणी

एका बँडचा दुसरा अल्बम श्रेष्ठ की चौथा, यावर माझ्या घराच्या वरच्या खोलीत नऊ वर्षं खल चालला आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. खल करणारे तिघे. माझा नवरा, एक दातांचा डॉक्टर आणि शाळेत गाणं शिकवणारा एक मास्तर. खोली माझी, चहा माझा, वीज माझी. आयत्या बिळावर तीन नागोबा. बँड तरी कसला, तर ज्याचं एकही गाणं कोणाला गुणगुणता येत नाही. गिटार वाजवायची सोडून घासतात. जिन्यावरून पत्र्याचा डबा गडगडत आला तर माणूस धावत जाऊन बघतो काय पडलं. हे डोळे मिटून "वा!" म्हणतात. हा कागद करायची वेळ त्यांच्यामुळे आली, म्हणून त्यांना आधी घेतलं. आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी गाद्या शिवणारी बाई. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं शाबूत आहे. काळजाची झडप खराब झाली असून येत्या शनिवारी ऑपरेशन आहे. उठले तर हा कागद मीच फाडीन. नाही उठले तर यात लिहिलं तसंच करावं. मला कोणी भरीला घातलेलं नाही आणि मी कोणाला घाबरत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

एक. घर. खाली दुकान, मागे कापसाची खोली, वर एक खोली. सगळं माझ्या कमाईचं आणि माझ्या एकटीच्या नावावर. मूलबाळ नाही. माझ्या पश्चात हे घर माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. ती दिवसभर माझ्याशेजारी बसून टाके घालते आणि रात्री त्या कापसाच्या खोलीत झोपते. धुरळा तिच्या छातीत बसला आहे. खोकायला लागली की हातातली सुई खाली ठेवावी लागते. वरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. नवऱ्याला म्हटलं, तिला वर जाऊ दे. तर म्हणतो, "अगं, त्या खोलीचा नाद वेगळा आहे." तिला श्वास मिळेना आणि याला नाद हवा.

दोन. कापूस पिंजायचं यंत्र, शिलाई मशीन, दाभणं, गज, कात्र्या, सगळं बहिणीला. मोठी कात्री गाण्याच्या तबकडीचं पाकीट फोडायला डॉक्टर वर घेऊन गेला आणि बोथट करून पाठवली. त्याने धार लावून द्यावी. असल्या हातात मी कधी दात दिला नाही हे बरं केलं.

तीन. तबकड्या नवऱ्याच्या आहेत, त्यांना मी हात लावत नाही. पण त्यांच्यापायी काय ऐकलं ते नोंदवून ठेवते. डॉक्टर म्हणायचा, "चौथ्यात धाडस आहे. दुसरा म्हणजे नुसती तयारी." मास्तर म्हणायचा, "दुसऱ्यातलं मौन तुम्हाला काय कळणार? तुमच्यासमोर माणूस तोंड उघडून गप्प बसतो, तेवढंच तुमचं मौन." मग दोघे माझ्या नवऱ्याकडे बघायचे. तो म्हणायचा, "तिसऱ्यात दोन्हीचं थोडं थोडं आहे." त्याच्या आईशी माझं भांडण झालं तेव्हाही हा असाच बोलला होता.

मागच्या वर्षी डॉक्टरची मुलगी त्याला न्यायला आली. तिने पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा अल्बम तुम्ही चुकीच्या वेगावर लावताय." आठ वर्षं! चौथ्यात काळ कसा थांबवलाय, यावर डॉक्टरने भाषणं ठोकली होती. काळबीळ काही नाही, तबकडीच हळू फिरत होती. दुसरा कोणी तोंड लपवून घरी बसला असता. हा म्हणाला, "मग बँडलाच योग्य वेग कळला नाही. तो आपल्याला कळला." तेव्हापासून चौथ्याचेच दोन पक्ष झाले आणि आठवड्याला आणखी एक बैठक वाढली.

चार. भिंतीवरच्या गाद्या. शेजारी आवाजाला कंटाळले, तेव्हा नवऱ्याने दुकानातल्या तयार गाद्या वर नेऊन चारी भिंतींना आणि दाराला आतून-बाहेरून खिळ्यांनी ठोकल्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. गिऱ्हाइकाला तोंड मी दिलं.

मागच्या महिन्यात भर दुपारी मी कापसाचं गाठोडं उचलताना कोसळले. बहीण ओरडत जिना चढली, दारावर मुठी आपटल्या. दार गादीचं. मूठ आत रुतते, वाजत नाही. आत वेगावरून वाद पेटलेला. ती खोकत खाली आली. गाद्या न्यायला टेम्पोवाला आला होता, त्याने आणि तिने मला एका गादीवर घालून दवाखान्यात नेलं. नवरा दिवे लागल्यावर आला आणि म्हणाला, "अगं, हाक तरी मारायचीस!" माझ्या तोंडात नळी होती. आता उत्तर देते. हाक मारली होती. गाद्या मी भरलेल्या होत्या, माझं काम चोख असतं. काही आत गेलं नाही.

त्या सगळ्या गाद्या उतरवून, कापूस पुन्हा पिंजून, त्याच दवाखान्यात द्याव्यात. पेशंटची माणसं तिथे फरशीवर झोपतात. डॉक्टरला आणि मास्तरला एकही देऊ नये. मागितली तरी.

पाच. बँकेतलं सगळं बहिणीला. आधी छातीचा इलाज करावा, यंत्रावर नवं पातं नंतर.

सहा. नवरा. माणूस वाईट नाही. वाईट असता तर कधीच सुटले असते. त्याने माझ्या हयातीत स्वतःच्या हाताने वरचे खिळे काढले आणि बहिणीची खाट वर चढवली, तर त्याने मरेपर्यंत खाली कापसाच्या खोलीत राहावं. बहिणीने त्याला काढू नये. ती तिथे एवढी वर्षं झोपली, त्यालाही झोप येईल. खिळे काढले नाहीत तर त्याचा या घरावर काही हक्क नाही. तबकड्या घेऊन डॉक्टरकडे जावं. डॉक्टरच्या बायकोला मी विचारून ठेवलंय. ती म्हणाली, "येऊ देत, मी दारातच उभी राहते."

वरील मजकूर मी सांगितला, चष्म्याच्या दुकानातल्या बाईने लिहिला आणि मला दोनदा वाचून दाखवला. शिव्या तिने गाळल्या, बाकी बरोबर आहे.

ठिकाण: दुकान, कापायच्या टेबलावर.
दिनांक: रविवार. तारीख साक्षीदारांनी आपापल्या सहीखाली घातली आहे.
सही: गादीवाली

साक्षीदार, तिची सही आमच्यासमोर झाली:
१. चष्म्याच्या दुकानातली बाई
२. टेम्पोवाला

अहो, याची नक्कल तुमच्या चहाच्या कपाखाली ठेवली आहे. शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात भरती होणार. गुरुवारी दुकानाचं शटर ओढायच्या आत खाली या आणि माझ्या बहिणीच्या तोंडावर सांगा: खोली देताय की नाही?