तेराव्याचं पाखरू

लालबाग, मुंबई
ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. आक्कास,
राजारामाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, कोकमं पोचली आणि त्यांच्यापेक्षा आंबट अशी तुझी बोलणीही पोचली. दिवाळीत एकटा कसा राहिलास म्हणून विचारतेस. राहिलो झालं. शेजारच्या चंपाने फराळाचं ताट आणून ठेवलं होतं. ते तसंच झाकून राहिलं, शेवटी तिनेच नेऊन आपल्या पोरांना वाटलं. आमच्या पोटी मूल असतं तर आज ते ताट माघारी गेलं नसतं, एवढंच मनात आलं.

चाळीत सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी प्रतापगड. पंतप्रधान तिथे येतील तेव्हा त्यांना दाखवायची काळी निशाणं शिवायला चंपाने तुझ्या वहिनीची हातमशीन मागितली, मी दिली. आता भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येतो आणि मी इकडे 'चहा टाक गं' म्हणून मोकळा होतो.

दर पत्री तू गावाला बोलावतेस आणि मी काहीतरी सबब सांगतो. खरं कारण आज लिहितो, हसू नकोस. तुझ्या वहिनीच्या तेराव्याला दिवेलागणीला एक पाखरू खोलीत आलं. तळहाताहून मोठं, तांबूस, प्रत्येक पंखावर एकेक डोळा. तिच्या फोटोवर बसलं ते हलेचना. आई म्हणायची ना, घरात आलेलं पाखरू हाकलू नये, आपलं माणूस असतं! चार-पाच दिवस होतं, मग एका सकाळी फोटोखाली पडलेलं दिसलं. मी ते पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवलं. रोज डबा उघडून दोन गोष्टी बोलतो. बोटीत त्याचा भुगा होईल, म्हणून येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या जगदीश मास्तरांनी सांगितलं की गिरगावात पतंगांचं म्युझियम आहे. मी म्हटलं, संक्रांतीला जाईन! तेव्हा हसून त्यांनी समजावलं की कागदी नव्हेत, दिव्यावर येतात ते पतंग. म्हणून काल रविवारी डबा उपरण्यात गुंडाळून गेलो.

एका वाडीत मागल्या अंगाला दोन खोल्या, डांबरगोळ्यांचा वास आणि भिंतभर काचेच्या पेट्या. आत फुलपाखरं आणि पतंग टाचणीने टोचून मांडलेले. आक्का, आधी आईचं बोलणं आठवलं. इतकी माणसं, आणि अशी टाचलेली! प्रत्येकाखाली चिठ्ठी : कुठे मिळालं, कधी, कोणाला. बघायला मी एकटाच. मालक हेरंबराव, गोदीच्या हापिसातून निवृत्त झालेले गृहस्थ, थोडं कमी ऐकतात. त्यांनी मला दोनदा चहा पाजला. तिसरा पाजू का, हेही विचारलं. त्यावरून समज, तिथे किती माणसं फिरकतात ते.

डबा उघडला तर त्यांना धन मिळाल्यासारखं झालं. म्हणाले, रेशमाच्या जातीचा रानातला पतंग आहे, गिरणगावातला माझ्याकडे एकही नाही, मला द्याल का? याला खायला तोंडच नसतं, हेही म्हणाले. उपाशीच उडतो आणि चार दिवसांत संपतो. मला ते पटलं. मग भिंग लावून सहज सांगितलं, की हा नर आहे.

मी पुन्हा बघायला सांगितलं. त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. मिशा बघा म्हणाले, फणीसारख्या रुंद. मादीच्या बारीक असतात. मिशा रुंदच होत्या गं.

डबा घेऊन परत आलो. आज उघडला नाही. आक्का, मग इतके दिवस मी कोणाशी बोलत होतो?

मोठी आहेस, काहीतरी सांग. तुझा हात डोक्यावर असावा.

तुझा,
राजाराम


आचरे, ता. मालवण
ता. १३ नोव्हेंबर १९५७

चि. राजाराम यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मेल्या, गिरणीत साचे चालवण्यात जन्म गेला आणि डोक्यात अजून धागा लागत नाही तुझ्या! पत्र वाचून आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसले. मिशीवाल्या पाखराला तू 'अगं' म्हणत होतास होय?

आता ऐक. वहिनी उभ्या जन्मात कधी गिरणीच्या गेटवर आली होती का? मी बाळंतपणाला तुमच्याकडे होते तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. तू डबा विसरलास, की शेजारच्या शामरावाच्या हाती पाठवायची. आई गेल्याची तार आली तेव्हाही रडत रडत शामरावालाच धाडलं. गेटवर पुरुषांच्या गर्दीत जायचं कसं, म्हणायची. ती आता तेराव्याला एकदम चारचौघांत फोटोवर येऊन बसेल? माणूस पाठवला तिने.

आणि निरोप घेऊन आलेल्या माणसाला कोणी डब्यात कोंडतं का रे? त्याला पाणी विचारावं आणि वाटेला लावावं. त्या गिरगावच्या मालकांना बघायला हवाय, तर देऊन टाक.

निरोप काय होता, ते चंपाच्या फराळाच्या ताटाला विचार. त्या पाखराला तोंड नाही म्हणून ते उपाशी. तुला देवाने चांगलं खणखणीत दिलंय.

मी इथे एकटीच दोन माणसांचं रांधते आणि उरलेलं गाईला घालते. गाय माजलीय. ये.

जिवाला जपावं, हेच मागणं.

आक्का


लालबाग, मुंबई
ता. २५ नोव्हेंबर १९५७

ती. आक्कास,
राजारामाचा शि. सा. न. वि. वि.

पुढच्या शनिवारच्या बोटीने निघतो. खोलीची किल्ली चंपाकडे ठेवली, मशीनही तिच्याकडेच राहील. तुझी गाय आता वाळेल, तिला आधीच सांगून ठेव.

काल पाखरू देऊन आलो. मनाचा हिय्या करायला आठवडा गेला. हेरंबरावांनी ते इतक्या हळुवार उचललं, की माझा अर्धा जीव तिथेच खाली पडला. चिठ्ठीवर लालबाग लिहिलं, महिना लिहिला आणि कोणाला मिळालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझं नको, आमच्या मंडळींचं घाला. त्यांनी मान डोलावली, आणि लालबागचं कुठलं मंडळ म्हणून विचारू लागले! गणेशोत्सवाचं मंडळ समजले बिचारे. मी सांगितलं, मंडळ नव्हे, घरची मंडळी, म्हणजे बायको. तर नाव काय म्हणाले.

आक्का, लग्नात घास भरवताना एकदा घेतलं असेल. पुढे 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर सबंध संसार झाला. ती असताना कधी हाक मारली नाही, गेल्यावर तर तोंडातून निघेचना. हेरंबराव बोरू शाईत बुडवून वाट बघत बसले होते.

म्हटलं, कौसल्या.

फार हळू निघालं असणार, कारण त्यांनी कान पुढे केला. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. त्यांनी नीट लिहून घेतलं, टीपकागद फिरवला, चिठ्ठी टाचणीत ओवली. आता कोणी विचारत नव्हतं, तरी मी तिसऱ्यांदा म्हटलं.

येतोच आहे. तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
राजाराम