बाटल्यांची माया

प्रिय बाबा,

राग इतका आलाय की अक्षर वाकडं येतंय, तरी वाचा.

ईस्टरच्या जेवणाला तुम्ही काकांना सांगितलंत, "आजकालच्या पोरी धांदरट, साधी बाटली उघडता येत नाही." धांदरट? इलिंका? माझ्या हाताखाली इतकं जपून काम करणारी दुसरी विद्यार्थिनी नव्हती. तिने फक्त झाकण फिरवलं. आतलं ईथर तिच्या जन्माआधीचं, तुम्ही प्रयोगशाळेत जपून ठेवलेलं. जुनं ईथर झाकणापाशी खडे धरतं आणि नुसत्या घासण्याने फुटतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत ना? आता वेणी घालायला तिला आई लागते. डावा हात राहिलेला नाही. तुम्ही इस्पितळात एकदाही फिरकला नाहीत.

तंगीचे दिवस मला आठवतात. लोक बुखारेस्टहून संत्री आणायचे, तुम्ही कोटाच्या आत रसायनाची बाटली लपवून आणायचात. "पोरी, बघ, सोनं!" तेव्हा ते सोनंच होतं. पण ते कम्युनिस्ट सरकार गेलं, बाजार खुला झाला, मागवलेलं चार दिवसांत दारात यायला लागलं, तरी तुमची माया सुटेना. मी म्हणायचे, "बाबा, लागेल तेवढंच आणू, लहान बाटल्या घेऊ, जुनं काढून टाकू." त्यावर तुम्ही भर बैठकीत, "आमच्या बाईसाहेबांना प्रयोगशाळा नको, औषधाचं कपाट हवंय!" सगळे खो खो हसले.

तुमच्यानंतर विभाग माझ्याकडे आल्यावर मी तेच केलं. तीन खोल्यांचा साठा एका कपाटात आला. शेजारच्या विभागाकडे असेल ते आम्ही मागून वापरतो, दोनदा विकत घेत नाही. एकही प्रयोग अडलेला नाही. तुम्ही मात्र पेपरवाल्याला सांगितलंत, "लेकीने माझं आयुष्य कचऱ्यात फेकलं." तेही गिळलं.

पण काल तुमच्या जुन्या बाटल्यांची उरलेली शेवटची फळी नष्ट करायला न्यायला माणसं आली, तर फळी रिकामी! पहारेकरी मान खाली घालून म्हणाला, "प्रोफेसरसाहेब स्वतः पेट्या घेऊन गेले. त्यांना मी कसा अडवू?" आणि आज आईने रडत सांगितलं, पेट्या आपल्या तळघरात आहेत, खारवलेल्या कोबीच्या पिंपांशेजारी. त्या खड्ड्यांच्या रस्त्याने तुम्ही त्या गाडीतून आणल्यात, बाबा! त्यातल्या दोन बाटल्यांच्या झाकणांवर पांढरे खडे, त्या फळीवर होत्या तेव्हाच, मी डोळ्यांनी पाहिलेत. आईला मी आग्लाया मावशींकडे नेलंय. तुम्ही आतून कडी घातलीत, फोनही कापताय, म्हणून हा कागद दाराखालून सरकवतेय. स्फोटकं निकामी करणारी माणसं माझ्या मागे उभी आहेत, गल्ली रिकामी करताहेत. तळघरात उतरू नका. मला खोटं पाडायला झाकणाला हात लावू नका. मला तुमच्यावर ओरडायचंय, अगदी घसा बसेपर्यंत, आणि त्यासाठी तुम्ही धडधाकट समोर हवे आहात. कडी काढा. बाहेर या.

तुमचीच,
स्मरांडा